वाचकांची पत्रे : टॉवर, मोबाइल आणि मात्रेचा प्रश्न

शहरातील मोबाइल टॉवरविषयी गेल्या अंकात लिहिलेल्या टिपणात मी म्हटले होते की, आपल्या डोक्यात शोषल्या जाणाऱ्या रेडिओऊर्जेचा बहुतांश वाटा गच्चीवरच्या टॉवरकडून नव्हे, तर आपण कानाला लावतो त्या फोनकडून येतो. या एका वाक्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही पत्रांत शंका आहेत, काहींत राग आहे आणि एका पत्रात तर मला मोबाइल कंपन्यांचा वकील ठरवले आहे. माझा कंपन्यांशी असलेला संबंध दरमहा रिचार्ज करण्यापुरता आहे. मी वैद्य नाही. अँटेना आणि संदेशवहन हे विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली. म्हणून लहरींच्या गणिताविषयी मी माझ्या जबाबदारीवर लिहीन, आणि आजारांविषयी केवळ प्रसिद्ध अभ्यासांत जे मांडले आहे त्याच्या आधारे लिहीन.

आमच्या पाच मजली सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवण्याचा प्रस्ताव आला आहे. भाड्याच्या पैशांतून लिफ्टचे काम निघेल असे समितीचे म्हणणे आहे, परंतु वरच्या मजल्यावरची कुटुंबे घाबरली आहेत. समोरच्या इमारतीतून मात्र कोणीही हरकत घेतलेली नाही. किरणोत्सर्गाचा धोका खरोखर किती आहे? — एक वाचक, कोथरूड

प्रथम आपल्या पत्रातल्या शब्दाविषयी. 'किरणोत्सर्ग' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरोशिमा आणि चेर्नोबिल उभे राहतात, आणि वर्तमानपत्रांनी टॉवरच्या संदर्भात हाच शब्द रूढ केल्यामुळे निम्मी भीती शब्दातूनच आली आहे. टॉवरमधून निघते ते प्रारण, म्हणजे आकाशवाणीच्या लहरींचेच भावंड. मोबाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरीतील एका कणाची ऊर्जा ही अणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे पंचवीस लाख पटींनी कमी असते. देवघरातल्या समईच्या उजेडाचा एक कणही तिच्याहून पाच लाख पटींनी बलवान असतो. त्यामुळे क्ष-किरण ज्या पद्धतीने पेशीतील रेणू थेट तोडतात, त्या पद्धतीने या लहरी तोडू शकत नाहीत. यावरून त्या कोणत्याही मार्गाने, कोणत्याही मात्रेत अपाय करूच शकत नाहीत असे मात्र सिद्ध होत नाही. मात्रा पुरेशी असली की त्या शरीर तापवतात हे तर सर्वमान्य आहे, आणि सुरक्षिततेच्या सगळ्या मर्यादा या तापण्यावरच बेतलेल्या आहेत.

आता गच्चीकडे येऊ. टॉवरवरच्या उभ्या पट्टीसारख्या अँटेना आपली शक्ती चहूकडे उधळत नाहीत; त्या ती समोरच्या दिशेला, क्षितिजापासून काही अंश खाली झुकलेल्या चपट्या झोतात एकवटतात. अँटेनाच्या थेट खाली जी शक्ती उतरते ती या झोताच्या मानाने अगदी किरकोळ असते आणि त्यातही स्लॅबचे काँक्रीट बराच भाग अडवते. दिव्याखाली अंधार ही म्हण टॉवरला शब्दशः लागू पडते. आपल्या पाचव्या मजल्यावरची कुटुंबे घाबरली आहेत, आणि प्रश्न विचारायला हवा होता तो समोरच्या इमारतीने.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका अँटेनाला २० वॅट शक्ती पुरवली आहे आणि झोताच्या मध्यावर ती पन्नासपट एकवटते, म्हणजे त्या दिशेला ती १००० वॅटच्या दिव्यासारखी वागते. अशा झोताच्या ऐन मध्यावर ५० मीटर अंतरावर चौरस मीटरमागे सुमारे ०.०३ वॅट, २० मीटरवर ०.२ वॅट आणि १० मीटरवर ०.८ वॅट एवढी शक्ती पोहोचते. अंतर निम्मे झाले की मात्रा चौपट होते, हे त्यातले मर्म. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केलेली मर्यादा १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॅट आणि ९०० मेगाहर्ट्झसाठी ०.४५ वॅट अशी होती, आणि ती प्रारणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश होती. म्हणजे ५० मीटरवरच्या घराला चिंतेचे कारण नाही. परंतु एकाच खांबावर तीन कंपन्यांच्या अँटेना असतील, समोरची इमारत आपल्याहून एक मजला उंच असेल आणि मधली गल्ली पेठेतल्यासारखी अरुंद असेल, तर त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील गॅलरीत मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता कागदावर तरी उरते. तेव्हा सर्वसाधारण सभेत अँटेनांची तोंडे कोणत्या दिशेला असतील, किती उंचीवर असतील आणि त्या उंचीवर समोर कोणाची खिडकी येते, हे नकाशावर दाखवायला सांगावे. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे परिसरातील टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. टॉवर चालू झाल्यावर अशी मोजणी करून घेण्याची आणि तिचा अहवाल फलकावर लावण्याची अट समितीने करारातच घालावी.

याची दुसरी बाजू सहसा सभेत कोणी मांडत नाही. टॉवर जवळ असला की आपला फोन हळू बोलतो आणि दूर असला की ओरडतो, कारण फोन आपली प्रक्षेपणशक्ती गरजेनुसार सतत कमीजास्त करत असतो. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा खंडाळ्याच्या घाटात रेंजची एकच कांडी दिसत असताना कानाला लावलेला फोन आपल्या डोक्याला जेवढी ऊर्जा देतो, तेवढी गच्चीवरचा टॉवर घरात बसलेल्या माणसाला देत नाही. परिसरातला टॉवर हटवला तर टॉवरकडून येणारी मात्रा कमी होईल, मात्र प्रत्येकाच्या फोनकडून येणारी वाढेल.

जाता जाता एवढेच सांगतो की, मी आपल्या जागी असतो तर लहरींच्या आधी इमारतीच्या वयाची चौकशी केली असती. जुन्या स्लॅबवर खांब, बॅटऱ्या आणि जनरेटर यांचे वजन पेलवेल की नाही, याचा संरचना अभियंत्याचा दाखला मागणे ही भाबडी भीती मुळीच नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना कर्करोगकारक ठरवले, आणि आता तिनेच करवून घेतलेल्या अभ्यासात धोका नाही असे म्हटले जाते. मग कधी उंदरांना कर्करोग झाल्याची बातमी येते. सामान्य माणसाने कोणते खरे मानावे? — एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

बाई, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि जे तसे देतात त्यांच्यापासून दोन्ही बाजूंनी सावध राहावे.

फ्रान्समधील लिआँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. मे २०११ मध्ये तेथे १४ देशांतील ३१ शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी रेडिओलहरींना '२ ब' या वर्गात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात ठेवले. आपल्याकडे बातमी येईपर्यंत त्यातला 'कदाचित' गळून पडला. शिवाय या वर्गवारीत पुराव्याचे बळ मोजलेले असते, अपायाचे बळ नव्हे. पहिल्या वर्गात तंबाखू आहे आणि उन्हातले प्रारणही आहे, कारण दोन्हींविषयीचा पुरावा पक्का आहे. एक विडी आणि सकाळचे कोवळे ऊन सारखेच घातक आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. '२ ब' वर्गात पूर्व आशियातील पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. (आपल्या बरणीतले कैरीचे लोणचे त्यात धरलेले नाही, हे मुद्दाम सांगतो.)

त्या निर्णयामागे मुख्यतः माणसांवरील अभ्यास होते आणि त्यांपैकी सर्वांत मोठा १३ देशांत झालेला 'इंटरफोन' हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. मेंदूत गाठ झालेल्यांना आणि निरोगी लोकांना, आपण गेल्या काही वर्षांत फोनवर किती बोललात, असे त्यात विचारले गेले. ज्यांचे एकूण बोलणे १६४० तासांहून अधिक भरले, म्हणजे दहा वर्षे रोज साधारण अर्धा तास, त्या वरच्या दहा टक्के लोकांत ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसले. मात्र त्याच अभ्यासात नियमित फोन वापरणाऱ्या सर्वांचा एकत्र विचार केला, तर त्यांच्यात गाठी फोन न वापरणाऱ्यांपेक्षाही कमी आढळल्या. फोन मेंदूचे रक्षण करतो असे कोणीही म्हणणार नाही. तेव्हा माणसे निवडण्यात आणि आठवणींत काहीतरी चूक शिरली होती हे उघड आहे. दिवसाला पाच तासांहून अधिक बोललो असे सांगणारेही त्यात होते. मेंदूत गाठ झालेला माणूस आपल्या आजाराचे कारण शोधत असतो, आणि दहा वर्षांपूर्वी फोन कोणत्या कानाला लावत होतो हे त्याला कारणाच्या ओघात आठवते. स्वीडनमधील लेनार्ट हार्डेल यांच्या गटाने याच पद्धतीने केलेल्या अभ्यासांत धोका आणखी ठळक दिसला होता, आणि त्यांवरही हाच आक्षेप आहे.

आठवणीवर विसंबायचे नसेल तर आधी निरोगी माणसे घ्यायची आणि पुढे काय होते ते पाहायचे. ब्रिटनमधल्या सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांचा असा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कॉसमॉस' या युरोपातील पाच देशांच्या अभ्यासात २,६४,५७४ लोकांचा सुमारे सात वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दोन्हींत फोनवर जास्त बोलणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या नाहीत. २०२४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्याचाही निष्कर्ष हाच होता. आपण म्हणता तो 'धोका नाही' हा अभ्यास हाच असावा.

आता उंदीर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात गर्भावस्थेपासून दोन वर्षे, रोज एकूण नऊ तास, मोठ्या उंदरांच्या सर्वांगावर लहरी सोडल्या होत्या. सर्वांत वरची मात्रा शरीराच्या किलोग्रॅममागे शोषलेली ६ वॅट शक्ती, म्हणजे माणसाच्या सर्वांगासाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ७५ पट होती. त्या मात्रेला नव्वदपैकी पाच-सहा नरांच्या हृदयात श्वानोमा ही दुर्मीळ गाठ झाली. लहरींपासून दूर ठेवलेल्या नव्वद नरांत ती एकालाही झाली नाही. माद्यांत असा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि गंमत अशी की लहरी खाल्लेले नर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले. त्याच वर्षी इटलीतील बोलोन्याच्या रामात्झिनी संस्थेने टॉवरसारख्या दूरच्या प्रारणाचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यातही सर्वांत वरच्या मात्रेला नर उंदरांच्या हृदयात याच जातीची गाठ वाढलेली दिसली. ती मात्रा चौरस मीटरमागे सुमारे ६.६ वॅट भरते. वर दिलेल्या ०.९ शी ती ताडून पाहावी. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तीच दुर्मीळ गाठ दिसावी हा योगायोग म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांच्या आढाव्यात, नर उंदरांतील हृदयाची श्वानोमा आणि मेंदूचा ग्लायोमा यांविषयीचा पुरावा उच्च खात्रीचा ठरवला गेला. त्या मूल्यमापनावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत.

म्हणजे एकाच संघटनेच्या छत्राखाली दोन आढावे आहेत, एक माणसांविषयी दिलासा देणारा आणि दुसरा उंदरांविषयी प्रश्न उभा करणारा. मला त्यांत विसंगती दिसत नाही, कारण दोन्हींतल्या मात्रा वेगळ्या आहेत. माझे मत विचाराल तर, नेहमीच्या वापराने मेंदूचा कर्करोग होतो असे मानण्यास आज आधार नाही. वीस-तीस वर्षे रोज तासन्‌तास फोन कानाला लावण्याविषयी मात्र प्रश्न पुरता मिटलेला नाही, आणि इअरफोन लावण्याला फारसा खर्च येत नाही.

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक वर्षानुवर्षे सांगत आले, सर्वोच्च न्यायालयाने टॉवर बंद करायला लावला, आणि आपण मात्र सारे आलबेल म्हणता. न्यायालयापेक्षा आपण शहाणे आहात का? — एक वाचक, हडपसर

नाही, आणि सारे आलबेल आहे असेही मी लिहिलेले नाही. प्रा. गिरीश कुमार हे अँटेना विषयातले जाणकार आहेत. त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या प्रारणाविषयी अहवाल सादर केला होता. त्या सुमारास नेमलेल्या आंतरमंत्रालयीन समितीने मर्यादा एक दशांश करण्याची शिफारस केली आणि २०१२ मध्ये ती अमलात आली. टॉवरच्या ऐन झोतात कोणी राहू नये, हा प्रा. कुमार यांचा आग्रह मला मान्य आहे. आजारांची जी लांब यादी ते प्रारणाच्या खात्यावर मांडतात तिला मात्र पुरेसा आधार दिसत नाही, आणि अँटेना ओळखणाऱ्याला आजारही ओळखता येतात असे नाही. हे मलाही लागू आहे.

न्यायालयांविषयी बोलायचे तर, ग्वाल्हेरच्या एका घरकामगार गृहस्थाच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील एक टॉवर बंद करायला लावला हे खरे आहे. तसेच अभिनेत्री जुही चावला यांची ५जी विरोधातील याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये वीस लाखांचा दंड ठोठावून फेटाळली आणि पुढच्या वर्षी तो दंड दोन लाखांवर आणला, हेही खरे आहे. पहिल्या आदेशाने लहरी घातक ठरत नाहीत आणि दुसऱ्याने निर्धोक ठरत नाहीत. न्यायालयापुढे एका पक्षकाराचे गाऱ्हाणे असते, आणि त्याचा निवाडा करताना सावधगिरीकडे झुकणे हा न्यायाधीशांचा अधिकार आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याचा बराच वेळ फोनवर जातो. मुलांना जास्त धोका असतो असे वाचले. — एक आई, वाकड

मुलांची कवटी पातळ असते आणि तिच्या हाडांतील मज्जा जास्त ऊर्जा शोषते, हे खरे आहे. त्यामुळेच मुलांसाठी स्वतंत्र अभ्यासाची गरज होती. 'मोबी-किड्स' नावाचा असा अभ्यास १४ देशांत झाला आणि त्यात भारतही होता. १० ते २४ वर्षे वयाच्या, मेंदूत गाठ झालेल्या सुमारे ९०० रुग्णांची अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या त्याच वयोगटातील रुग्णांशी तुलना करून आलेल्या निष्कर्षांत बिनतारी फोनमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. शिवाय आजची मुले फोन कानाला लावत नाहीत, हातात धरतात. एक-दीड फूट अंतरावरचा फोन डोक्याला फारच थोडी ऊर्जा देतो. आपल्या मुलाची झोप, डोळे आणि मैदानावरचा वेळ यांवर फोनचा परिणाम होत असेल, तर तो लहरींमुळे नव्हे, पडद्यावर जे चालले आहे त्यामुळे. फोनची माहिती हवी असल्यास स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश हे क्रमाने दाबावे, म्हणजे त्याचा शोषणदर (एसएआर, शरीराच्या किलोग्रॅममागे शोषली जाणारी शक्ती) पडद्यावर येईल. भारतात हा दर किलोग्रॅममागे १.६ वॅटपर्यंत चालतो. ०.९ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा घरात कमी मात्रा देईलच असे मात्र समजू नये, कारण तो आकडा पूर्ण शक्तीवरचा असतो आणि प्रत्यक्षात सगळे रेंजवर ठरते.

शेजाऱ्यांनी वाय-फाय घेतल्यापासून माझ्या पत्नीचे डोके दुखते व तिला झोप लागत नाही. राउटर आमच्या भिंतीला लागूनच आहे. शेजारी हसतात. — एक वाचक, औंध

शेजाऱ्यांनी हसू नये, कारण आपल्या पत्नीची डोकेदुखी खरी आहे. प्रश्न आहे तो कारणाचा. ज्यांना आपल्याला लहरी जाणवतात असे वाटते, त्यांच्यावर झालेल्या ४६ प्रयोगांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून ११७५ लोकांनी भाग घेतला होता. प्रयोगाची रीत अशी की, यंत्र चालू आहे की बंद हे ना त्या व्यक्तीला ठाऊक असते, ना तिच्यासमोर बसलेल्या संशोधकाला. यंत्र बंद असतानाही अनेकांचे डोके दुखले, ते चालू आहे असे मानल्यावर तर दुखलेच. पण ते चालू आहे की बंद हे खात्रीने ओळखता आले नाही. अपायाच्या अपेक्षेनेच खरा त्रास होऊ शकतो, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे आणि त्यात कोणताही वेडेपणा नाही. राउटरची शक्ती साधारण ०.१ वॅट असते, आणि भिंतीपलीकडे तिचा उरलेला अंश कानाशी धरलेल्या फोनपुढे नगण्य असतो.

तरीही शेजाऱ्यांशी संबंध बरे असतील तर राउटर दुसऱ्या भिंतीला न्यायला सांगावे. पाच मिनिटांच्या कामासाठी शास्त्राचा कौल घेत बसू नये. मात्र राउटर हलवला म्हणून डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नये. रोजच्या डोकेदुखीमागे रक्तदाब, चष्म्याचा नंबर, अर्धशिशी अशी साधी कारणे निघतात, आणि लहरींवर बोट ठेवल्यामुळे ती तपासायची राहून जातात, हेच मला या साऱ्या वादातले मोठे नुकसान वाटते.

कसब्यातल्या आमच्या वाड्यात पूर्वी चिमण्या असायच्या. टॉवर आले आणि चिमण्या गेल्या. हे तरी मान्य कराल? — एक वाचक, कसबा पेठ

चिमण्या गेल्या हे मान्य आहे. माझ्याही खिडकीत येत नाहीत. परंतु टॉवर आले त्याच वर्षांत वाडेही पडले. कौलांखालच्या फटी, तुळयांमधल्या देवळ्या, फोटोमागची जागा ही चिमणीची घरे होती, आणि काचेच्या सपाट इमारतीत तिला काडी ठेवायला जागा उरली नाही. पिल्लांना दाणे चालत नाहीत, अळ्या आणि किडे लागतात; ते परसातल्या झाडांबरोबर गेले. अंगणात तांदूळ निवडणेही गेले. ब्रिटनमध्ये तर चिमण्यांची घट मोबाइल येण्याच्या आधीपासून सुरू झाली होती. आपल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात चिमण्यांची संख्या देशभरात सुमारे पंचवीस वर्षे स्थिर असल्याचे दिसले आणि घट दिसली ती मुंबईसह सहा महानगरांत. टॉवर तर आता खेड्यापाड्यांतही आहेत. चिमणीला परत बोलवायचे असेल तर गॅलरीत लाकडी खोके टांगून पाहावे. टॉवरविरुद्धच्या अर्जापेक्षा ते लवकर फळ देईल.

फोन पँटच्या खिशात ठेवल्याने पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो का? — नाव न कळवणारे वाचक, पुणे

स्वित्झर्लंडमधील १८ ते २२ वर्षे वयाच्या २८८६ तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून वीसपेक्षा अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंची संहती (दर मिलिलिटरमागची संख्या) कमी दिसली, पण फोन खिशात ठेवण्याशी तिचा संबंध जुळला नाही. जुन्या २जी फोनच्या काळात हा संबंध ठळक होता, तो पुढे फिका होत गेला. फोन जास्त वापरणारे तरुण इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, म्हणून हे अनुमानच समजावे. फोन शर्टाच्या किंवा पिशवीच्या खिशात जाऊ शकत असेल तर तेथे ठेवावा. हृदयाला पेसमेकर लावलेला असल्यास मात्र छातीवरच्या खिशात ठेवू नये, किमान १५ सेंटीमीटरचे अंतर राखावे.

फोनला चिकटवायची प्रारणरोधक चिप घ्यावी का? लक्ष्मी रस्त्यावर दीडशे रुपयांना मिळते. — एक वाचक, नारायण पेठ

दीडशे रुपयांची मिसळ खावी. चिप खरोखरच लहरी अडवत असेल तर फोनची रेंज जाईल, आणि मग तो टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी शक्ती वाढवील; अडवत नसेल तर ती निव्वळ चिकटपट्टी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून केलेली अशी चिप जाहीर केली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून त्यांच्याकडे प्रयोगाचा पुरावा मागितला होता. नेदरलँड्समधील प्रकार आणखी वरचा आहे: ५जीपासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादने तेथील अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये तपासली, तर ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. येथे किरणोत्सर्ग हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

आमच्या भागात खोडदच्या दुर्बिणीमुळे टॉवरवर निर्बंध आहेत आणि पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही तिच्यासाठी वळवण्याची भाषा झाली. शास्त्रज्ञच या लहरींना इतके घाबरतात, याचा अर्थ आम्ही काय घ्यावा? — एक वाचक, नारायणगाव

आपला प्रश्न मला सर्वांत आवडला. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी हा परिसर निवडण्याचे एक कारण येथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता हे होते. शास्त्रज्ञ घाबरतात ते आपल्या तब्येतीसाठी नव्हे, दुर्बिणीच्या कानासाठी. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू ठेवला, तर पृथ्वीवरून पाहताना तो आकाशातील ठळक रेडिओस्रोतांमध्ये गणला जाईल. आणि ही दुर्बीण त्याहून लक्षावधी पटींनी मंद स्रोत ऐकते. कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या दीर्घिकेतून निघालेली कुजबुज ऐकत असताना शेजारच्या वस्तीतला फोन, विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी किंवा विजेवर धावणारी रेल्वे हे सारे तिला ढोल-ताशाच्या पथकासारखे वाटते. भजनाच्या वेळी आपण मिक्सर बंद करायला सांगतो, तो मिक्सर विषारी आहे म्हणून नव्हे.

या निर्बंधांमुळे गावात रेंज मिळत नाही ही गैरसोय खरी आहे, आणि शहरात बसून तिच्याविषयी मी आपल्याला धीर धरायला सांगणे शोभणार नाही. मात्र २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला दुर्बिणीचे आवार लोकांसाठी उघडते, तेव्हा हाच प्रश्न तेथल्या अभियंत्यांना विचारून पाहावा. मोजणीची यंत्रे त्यांच्यापाशी असतात, आणि आपल्या खिशातल्या फोनचा आवाज दुर्बिणीच्या कानाला किती मोठा वाटतो ते त्यांच्याच तोंडून ऐकता येईल.